उत्कंठेचा बाजार आणि वाचनालयाची रांग

रहस्यकादंबरी प्रसिद्ध होण्याआधीच गाजू लागावी, ही प्रकाशनव्यवसायातील रूढी होऊन बसली आहे. प्रथम मुखपृष्ठाचा एक कोपरा दाखवावयाचा, आठवड्याने उरलेले मुखपृष्ठ. मग चित्रपटाच्या जाहिरातीसारखी मिनिटभराची चित्रफीत, त्यापाठोपाठ पहिले प्रकरण फुकट, आणि अखेरीस ‘आजच मागणी नोंदवा’ असे आवाहन. या सर्व खटाटोपात सर्वांत अधिक राबणारा माणूस प्रकाशक नव्हे, लेखक असतो. कादंबरी लिहून झाली की आपले काम संपले, अशी समजूत बाळगणारा लेखक आज मागे पडतो.

अभिरुचीच्या रक्षकांना या प्रकाराचा राग येणे स्वाभाविक आहे. वाङ्मय ही साबणाची वडी नव्हे, ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि ती पुन्हा उगाळण्यात फारसे स्वारस्य नाही. पुस्तकाविषयी आगाऊ कुतूहल निर्माण करणे हे काही पाप नाही, ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करून त्यात कादंबरी क्रमशः छापली, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहावयास लावणे हाच त्या योजनेचा प्राण होता. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. वाचकाची उत्कंठा निर्माण करण्याला खर्च येतो. तो खर्च पूर्वी कोण सोशीत असे आणि आज कोणाच्या माथी बसला आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी रहस्यकथा ही वस्तू बाजाराच्या दृष्टीने किती विलक्षण आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले. काही वस्तूंचा कस विकत घेण्यापूर्वी पारखता येतो. कापड हाताने चाचपता येते, तांदूळ तळहातावर घेऊन पाहता येतो. काहींचा कस मात्र उपभोगानंतरच कळतो. पुस्तक हे दुसऱ्या वर्गातील, आणि रहस्यकथा तर त्या वर्गाचे टोक होय. पाककृतीचे पुस्तक दुकानात चाळून पाहता येते, कवितासंग्रहातील दोन कविता उभ्या उभ्या वाचता येतात. रहस्यकथेचे शेवटचे पान मात्र दुकानात उघडून पाहिले की वस्तूच नष्ट झाली. विक्रेत्याला आपल्या मालाचा सर्वोत्तम भाग ग्राहकापासून लपवूनच तो विकावा लागतो, असा हा व्यापार आहे.

तिचे दुसरे वैशिष्ट्य याहून महत्त्वाचे आहे. रहस्यकथा एकदाच वाचली जाते. खुनी कोण हे कळले की त्या प्रतीचा त्या वाचकाला होणारा उपयोग जवळजवळ शून्यावर येतो, परंतु शेजाऱ्याच्या दृष्टीने ती प्रत अगदी कोरी असते. शब्दकोश वीस वर्षे घरात ठेवावा, ज्ञानेश्वरी पिढ्यान्‌पिढ्या. रहस्यकथा एका संध्याकाळची सोबतीण. जी वस्तू एकदाच वापरावयाची ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लग्नाच्या मंडपाची भांडी कोणी विकत घेत नाही. म्हणून रहस्यकथेची खरी जागा घरातील कपाट नव्हे, वाचनालयाची फळी ही होती. मराठी रहस्यकथा जेव्हा भरात होती तेव्हा हे प्रकाशकांना, लेखकांना आणि वाचकांना न सांगता समजले होते.

त्या काळाचे प्रमुख नाव बाबुराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या सुमारास त्यांनी रहस्यकथालेखनास आरंभ केला आणि १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक पुस्तके होती. हा आकडा नुसता थक्क होण्यासाठी सांगितला जातो. त्याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. चाळीस वर्षांत हजार पुस्तके म्हणजे वर्षाला पंचवीस, महिन्याला दोन. म्हणजे वाचकाला पुढच्या पुस्तकासाठी दोन आठवड्यांहून अधिक थांबावे लागत नव्हते. अशा लेखकाला ‘आगामी पुस्तकाविषयी वातावरणनिर्मिती’ करण्याची गरज काय? वातावरण हे नियमितपणातूनच निर्माण होत असे. दूधवाला आपल्या दुधाची दवंडी पिटीत नाही, कारण तो रोज येतो.

नियमितपणाच्या जोडीला दुसरे साधन होते ते कायम नायकाचे. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू ही पात्रे म्हणजे आजच्या भाषेत व्यापारचिन्हेच होती. कथेचा कस आधी पारखता येत नसला तरी मुखपृष्ठावर झुंजारचे नाव दिसले की आत काय प्रकारचा माल आहे याची हमी मिळत असे. गुरुनाथ नाईक यांच्या कॅप्टन दीपचे तेच. बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहिणारे हे मूळचे गोव्याचे लेखक २०२१ मध्ये निवर्तले. सुहास शिरवळकरांनी १९७० च्या दशकात फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास अशी चार निरनिराळ्या स्वभावांची पात्रे उभी केली, ती एकाच वाचकाच्या चार निरनिराळ्या संध्याकाळींसाठी. पहिल्या पुस्तकाने कमावलेला विश्वास दुसऱ्याच्या विक्रीस उपयोगी पडावा, ही व्यवस्था जाहिरातीहून स्वस्त होती आणि अधिक प्रामाणिकही होती, कारण एखादे पुस्तक फसले तर पुढच्या पंधरवड्यात त्याचा दंड भरावा लागे.

परंतु या व्यवस्थेचा तिसरा आणि सर्वांत कमी दखल घेतला गेलेला घटक म्हणजे खासगी वाचनालय. त्याचे महत्त्व कळण्यासाठी विक्रोळीसारख्या उपनगराकडे पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत येथे वस्ती वाढली ती कारखान्यांच्या आधाराने. गोदरेज यांचा कारखाना लालबागेतून येथे आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पुष्कळशा मतपेट्या विक्रोळीत घडल्या. (देशातील सर्वांत मोठे रहस्य मतमोजणीपर्यंत जपून ठेवण्याचे काम या गावाकडे आले होते, असे गमतीने म्हणता येईल. रहस्यकथांतील चोर ज्या तिजोऱ्यांपुढे हतबल होत, त्यांचे कुलपी नावही याच घराण्याचे.) १९६३ मध्ये पदावर असतानाच दिवंगत झालेले मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नाव घेऊन गृहनिर्माण मंडळाची प्रचंड वसाहत पूर्वेला उभी राहिली, शेजारी टागोरनगर वसले. एका खोलीत पाच-सहा माणसे, पाळीवर जाणारा बाप, फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करणारा काका, रात्रशाळेत शिकणारा मुलगा. या घरांत पुस्तक ठेवण्यास जागा नव्हती, विकत घेण्यास पैसा नव्हता, पण वाचण्याची हौस मात्र दांडगी होती.

अशा वसाहतींत एखाद्या गाळ्यात, जिन्याखालच्या जागेत, कधी चक्क घराच्या पुढल्या खोलीत वाचनालय चाले. थोडी अनामत, महिन्याची वर्गणी किंवा दिवसाचे भाडे, आणि खाकी कागदाचे वेष्टण घातलेली, पाठीवर क्रमांक लिहिलेली पुस्तके. नवे पुस्तक आले की पाटीवर खडूने त्याचे नाव लिहिले जाई आणि त्याखाली सभासदांचे क्रमांक लागत. उत्कंठा निर्माण होई ती या रांगेतून. आपला नंबर पाचवा आहे, चौथ्याने पुस्तक अजून आणून दिले नाही, आणि त्याने शेवट सांगू नये म्हणून त्याला टाळत फिरावे लागते, ही अवस्था ज्याने अनुभवली त्याला चित्रफितींची गरज भासत नसे. मालकाला प्रत्येक सभासदाची आवड पाठ असे. नेल्सन यांनी सांगितलेली अडचण, म्हणजे उपभोगापूर्वी कस न कळण्याची, हा माणूस रोज संध्याकाळी शेकडो वाचकांसाठी सोडवीत होता, आणि तेही दोन शब्दांत: “हे न्या” किंवा “हे तुमच्यासाठी नाही.”

या व्यवहाराचा हिशेब मांडला तर तो असा होतो. एक प्रत वाचनालयाने विकत घेतली आणि ती तीस जणांनी वाचली. प्रकाशकाला एकाच प्रतीचे पैसे मिळाले. पण उपनगरांतील अशी शेकडो वाचनालये ठरलेल्या प्रती ठरलेल्या वेळी उचलीत असल्यामुळे त्याची विक्री आधीच निश्चित होती. जोखीम वाटली गेली होती. वाचकाची जोखीम दिवसभाड्यापुरती, वाचनालयाची एका प्रतीपुरती, प्रकाशकाची जवळजवळ नाही. या साखळीत ज्याला सर्वांत कमी मिळाले तो लेखक. या धंद्यात एकरकमी मोबदला देऊन पुस्तक घेण्याची प्रथा सर्रास होती. तीस जणांनी वाचले काय किंवा तीनशेंनी, लेखकाच्या हातावर पडलेल्या रकमेत फरक होत नसे. महिन्याला दोन पुस्तके लिहावी लागत त्याचे कारण केवळ प्रतिभेची सुबत्ता हे नव्हते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असे मानले जाते, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. अर्नाळकरांच्या पुस्तकांचे स्वामित्व म्हणजे २०५६ अखेरपर्यंत चालणारी मालमत्ता आहे. पण ज्या व्यवहारात करार तोंडी आणि पावती हाच दस्तऐवज, तेथे कायद्यातील कलमे कपाटातच राहतात. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही बाजू विसरता कामा नये.

ती व्यवस्था मोडली कशी? दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या पंधरा वर्षांत संध्याकाळचा तो मोकळा तास हळूहळू त्याने गिळला. रहस्यकथेचा वाचक रहस्याला विटला नव्हता. तो ‘एक शून्य शून्य’ पाहू लागला, नंतर १९९८ पासून ‘सी.आय.डी.’. गुन्ह्याचा उलगडा घरबसल्या आणि फुकट होऊ लागल्यावर पाटीवरच्या रांगेत नंबर लावण्याचे कारण उरले नाही. वाचनालयवाल्याची मुले दुसऱ्या व्यवसायात गेली, आणि गाळ्याचे भाडे असे वाढले की त्यात पुस्तकांपेक्षा भ्रमणध्वनीची दुरुस्ती परवडू लागली. डोंबिवलीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या पै यांच्या फ्रेंड्स लायब्ररीसारखी उदाहरणे, बदलत्या काळाशी जुळवून घेत टिकलेली, बोटांवर मोजण्याइतकी.

येथे मूळ प्रश्नाकडे परत येता येते. वाचनालय गेले की एकदाच वाचावयाची वस्तू वाचकाला विकत घ्यावी लागते. आज रहस्यकादंबरीची किंमत सहज तीनशे-चारशे रुपये असते. दिवसभाड्याची जोखीम पत्करणाऱ्या वाचकाला “हे न्या” एवढी शिफारस पुरत होती. तीनशे रुपयांची जोखीम पत्करण्यासाठी त्याची समजूत घालावी लागते, पुन्हापुन्हा घालावी लागते. मुखपृष्ठाचे अनावरण, चित्रफीत, फुकटचे प्रकरण, नामवंतांचे अभिप्राय ही सर्व त्या समजुतीची साधने होत. आजचा गाजावाजा ही वाङ्मयाची अधोगती नसून बंद पडलेल्या वाचनालयाची भरपाई आहे. ती भरपाई पुष्कळ महाग पडते.

ती किती महाग आहे याचे दाखले परदेशांतही आहेत आणि घरातही. जेम्स पॅटरसन हे तेव्हा अमेरिकेतील एका बड्या जाहिरातसंस्थेचे प्रमुख होते. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या ‘अलाँग केम अ स्पायडर’ या कादंबरीसाठी दूरचित्रवाणीवरील जाहिरात स्वतःच्या खर्चाने तयार केली. प्रकाशकांना तो वेडेपणा वाटला होता. पुस्तक खपले आणि एक नवा पायंडा पडला. हिंदीत त्याच वर्षी मेरठचे वेदप्रकाश शर्मा यांची ‘वर्दी वाला गुंडा’ आली. शहरोशहरी तिचे फलक लागले होते आणि पहिल्या आवृत्तीच्या पंधरा लाख प्रती काढल्याचा दावा केला गेला. दावा फुगवलेला असेल असे मानले तरी उत्तर भारतातील रेल्वेस्थानकांवरच्या पुस्तकविक्रीची जी यंत्रणा त्यामागे उभी होती ती खोटी नव्हती. मुंबईत अश्विन सांघी यांनी ‘द रोझाबल लाइन’ ही इंग्रजी थरारकादंबरी २००७ मध्ये प्रथम टोपणनावाने आणि स्वतःच प्रकाशित केली. अमीश त्रिपाठी हे तेव्हा वित्तक्षेत्रातील अधिकारी होते. प्रकाशकांचे अनेक नकार पचवून २०१० मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रकरणाच्या पुस्तिका दुकानांच्या गल्ल्यावर फुकट वाटण्यात आल्या आणि चित्रपटासारखी झलक प्रसारित झाली. तीन वर्षांनी त्यांना पुढल्या मालिकेसाठी दहा लाख डॉलरच्या आगाऊ रकमेचा करार मिळाला.

हे सर्व यशस्वी झाले म्हणून सांगितले जाते. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, ज्या क्षेत्रात एकाचे काम लाखोंपर्यंत पोहोचविण्याचा जादा खर्च नगण्य असतो, तेथे गुणांतील थोडासा फरक मिळकतीत प्रचंड फरक पाडतो. पहिले दोघे-तिघे सर्व काही घेऊन जातात. जाहिरातीचा खर्च या नियमाला आणखी धार लावतो. ज्याच्याजवळ बँकेतील बचत आहे, जाहिरातधंद्यातील अनुभव आहे किंवा व्यापारी घराण्याचे पाठबळ आहे, तोच पहिल्या पुस्तकासाठी असा जुगार खेळू शकतो. वर दिलेल्या नावांचा पूर्वव्यवसाय पाहिला की योगायोगाची शंका राहत नाही. विक्रोळीच्या शाळेतील एखादी शिक्षिका किंवा पालिकेच्या विभाग कार्यालयातील कारकून उत्तम रहस्यकथा लिहीत असेल, तर त्यांनी हा खर्च कोठून करावा? इंग्रजीत निदान बाजार तरी मोठा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक असूनही मराठी कादंबरीची आवृत्ती साधारणतः हजार प्रतींच्या आसपास घुटमळते. तीनशे रुपये किंमत आणि दहा टक्के स्वामित्वधन धरले तर हजार प्रती संपेपर्यंत लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात. एखादी बऱ्यापैकी चित्रफीत करून घेण्यातच त्यातील मोठा वाटा खर्ची पडतो. उत्कंठा निर्माण करण्याचा खर्च उत्कंठेच्या किमतीहून अधिक, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

आगाऊ मागणी नोंदविण्याच्या प्रथेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही मराठी वाचकाला नवीन नाही. कोश, समग्र वाङ्मय, बहुखंडी चरित्रे अशा भांडवलखाऊ प्रकल्पांना वाचकांनी आधी पैसे भरून हात दिला आहे, आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने तर वाचक-सभासदांच्या बळावर १९७८ मध्ये ‘बलुतं’सारखे पुस्तक काढले. ‘बलुतं’साठी कोणी उलटगणती चालविली नव्हती. तेथे वाचक एका चळवळीवर विश्वास टाकीत होता. आजच्या आगाऊ मागणीचे स्वरूप वेगळे आहे. परीक्षण येण्यापूर्वी, शेजाऱ्याचे मत कळण्यापूर्वी, वाचकाकडून पैसे घेऊन ठेवावयाचे आणि त्या आकड्यांच्या आधारे पहिल्याच आठवड्यात ‘सर्वाधिक खपाचे’ अशी चिठ्ठी पुस्तकावर डकवावयाची. म्हणजे पुस्तक चांगले निघाले काय किंवा वाईट, जोखीम वाचकाने उचललेली असते. झुंजारकथा फसली तर लेखकाला पंधरवड्यात कळत असे. येथे पुस्तक फसल्याचे कळेपर्यंत लेखक पुढच्या पुस्तकाच्या तारखेकडे वळलेला असतो. विश्वासाचे भांडवल असे खर्चत गेले की पुढच्या नवोदिताच्या वाट्याला संशयच येतो.

गमतीची गोष्ट अशी की, बाजाराने स्वतःच भाड्याच्या पुस्तकाचा मार्ग पुन्हा शोधून काढला आहे. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलने महिन्याच्या वर्गणीत मराठी कथा ऐकविण्यास प्रारंभ केला आणि त्यात ‘व्हायरस पुणे’सारख्या थरारमालिकांना अग्रस्थान मिळाले. अमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड योजनेत २०१५ पासून लेखकाला मोबदला मिळतो तो प्रत्यक्ष वाचल्या गेलेल्या पानांच्या प्रमाणात. हे तत्त्व लक्षणीय आहे. आगाऊ मागणी न वाचलेल्या पुस्तकाला पैसे देते. येथे अर्ध्यावर टाकून दिलेल्या कादंबरीला अर्धाच मोबदला. रहस्यकथाकाराला याहून न्याय्य मापदंड कोणता? वाचकाला शेवटच्या पानापर्यंत ओढून नेणे हीच तर त्याची विद्या. परंतु दर परदेशी कंपनी ठरवते, हिशेब तीच ठेवते, आणि वर्गणी थांबली की वाचकाच्या हाती काहीच राहत नाही. शिवाय कन्नमवारनगरातील निवृत्त कामगार या योजनेत बसत नाही.

त्याला सामावून घेणारी यंत्रणा महाराष्ट्रात कागदावर तरी आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्याने १९६७ मध्येच केला. शासनमान्य आणि अनुदानित ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८९८ पासून या शहरात वाचक घडविले आणि उपनगरांपर्यंत शाखा नेल्या. अनुदान अपुरे असते, ते वेळेवर मिळत नाही, सेवकांचे वेतन लाज वाटावे इतके कमी, या तक्रारी सर्वश्रुत आहेत. तथापि हजारो ठिकाणी पुस्तके उसनी दिली जातात ही वस्तुस्थिती थोडी नाही. तेथे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या लेखकाला त्यातून काय मिळते? पहिल्या प्रतीचे स्वामित्वधन, आणि नंतर काही नाही. जुन्या खासगी वाचनालयातला अन्याय येथेही तसाच चालू आहे.

यावर इतर देशांनी उपाय केला आहे. ग्रंथालयातून पुस्तक उसने दिले गेले की त्याबद्दल लेखकाला सरकारी निधीतून मोबदला द्यावयाचा, ही पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केली. ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला आणि १९८४ पासून पैसे वाटण्यास प्रारंभ केला. आज तीसहून अधिक देशांत ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे, भारतात नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक ग्रंथालयाची प्रत्येक नोंद मोजत बसत नाहीत. नमुन्यादाखल निवडलेल्या ग्रंथालयांच्या नोंदींवरून देशाचा अंदाज बांधतात आणि दर उसनवारीमागे काही पेन्स लेखकाच्या खात्यावर जमा करतात. एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांहून अधिक मिळू नयेत अशी मर्यादा आहे. त्यामुळे बड्यांनी सर्व निधी गिळण्याचा, म्हणजे रोझेन यांच्या नियमाचा, धोका टळतो. ही रक्कम ग्रंथालयांच्या पुस्तकखरेदीतून कापली जात नाही, हेही महत्त्वाचे. आणि ब्रिटिश ग्रंथालयांत या शतकात वर्षानुवर्षे सर्वाधिक उसना नेला गेलेला लेखक कोण? तेच जेम्स पॅटरसन, ज्यांनी स्वतःच्या पैशाने जाहिरात केली होती. रहस्यकथेची नैसर्गिक जागा ग्रंथालयात असते, याला यापेक्षा बोलका पुरावा मिळणे कठीण.

महाराष्ट्रात अशी योजना करावयाची तर आकडे भयंकर नाहीत. समजा, एखाद्या रहस्यकादंबरीच्या पाचशे प्रती राज्यातील निरनिराळ्या ग्रंथालयांत गेल्या आणि प्रत्येक प्रत वर्षाला वीस वेळा बाहेर गेली, तर वर्षाला दहा हजार वाचने होतात. दर वाचनामागे दोन रुपये धरले तर लेखकाला वीस हजार रुपये मिळतील. हजार प्रतींची आवृत्ती संपण्यास तीन-चार वर्षे लागून जे तीस हजार येतात, त्यांच्याशी ही रक्कम ताडून पाहावी. ही मिळकत दर वर्षी, पुस्तक वाचले जात राहील तोवर. चित्रफीत काढणे ज्याला परवडत नाही, त्या लेखकापाशीही दुसरे पुस्तक लिहिण्याचे कारण उरेल. नमुना म्हणून प्रत्येक जिल्ह्यातील एकदोन ग्रंथालयांच्या नोंदी पुरेत. पुष्कळ ठिकाणी त्या आता संगणकावर आहेतच.

यात वरिष्ठ वाङ्मयाचे पाठीराखे एक हरकत घेतील हे उघड आहे. अशाने सरकारी पैसा झुंजारछाप पुस्तकांकडे वाहील आणि गंभीर कादंबरी उपाशी राहील, असे ते म्हणतील. वरच्या मर्यादेने या भीतीचा बराचसा निरास होतो. उरलेल्या भागाला उत्तर शिरवळकरांच्या उदाहरणात आहे. पाळीवर रहस्यकथा लिहूनच त्यांचा हात तयार झाला आणि १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ आली. ते २००३ मध्ये गेले. २०१३ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा नव्या पिढीने ती धडाधड विकत घेतली. दरम्यानच्या काळात महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून आणि वाचनालयांतून तिच्या जीर्ण प्रती हातोहात फिरत होत्या. त्या फिरण्याची कोठे नोंद नाही आणि लेखकाला त्याचा एक पैसाही मिळालेला नाही.

विक्रोळीत सध्या जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाची कामे चालू आहेत. गृहनिर्माण मंडळाच्या चार मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. नव्या आराखड्यांत वाहनतळ असतो, सोसायटीचे कार्यालय असते, व्यायामशाळाही असते. पुस्तकांच्या चार फळ्या आणि एक टेबल मावेल अशी दोनशे चौरस फुटांची खोली तळमजल्यावर मागून घेण्याची वेळ आराखडा मंजूर होण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे. ज्या रहिवाशांच्या सह्या त्या कागदांवर व्हावयाच्या आहेत, त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, आणि एके काळी पाटीवर खडूने लिहिलेला आपला नंबर पाहण्यासाठी कामावरून परस्पर वाचनालयात जाणारेही पुष्कळ आहेत.